ड्रॉवरमध्ये पडलेल्या रास्पबेरी पायला घरचं काम लावा : गोव्यातल्या घरांसाठी पायरी-पायरीने

रास्पबेरी पाय म्हणजे एका छोट्या बोर्डवरचा आख्खा संगणक. कुणी मुलाच्या कॉलेज प्रोजेक्टसाठी आणलेला असतो, कुणी जुन्या टीव्हीला लावायला. प्रोजेक्ट संपतो, टीव्ही बदलतो आणि तो छोटा हिरवा बोर्ड जुन्या चार्जरांच्या गुंत्यात जाऊन पडतो. दिवसाचे चोवीस तास चालून घराची दोन-तीन कामं निमूटपणे करण्याइतकी ताकद त्याच्यात नक्की असते. अडतं ते कुठलं काम द्यायचं इथे. इंटरनेटवर 'पन्नास कामं'छाप याद्या भरपूर सापडतात. त्यातली आठ एकाच रविवारी बसवली की पुढच्या रविवारी बोर्ड परत ड्रॉवरमध्ये जातो.

म्हणून काम निवडताना दोन प्रश्न विचारा. घरातलं कुणी ते रोज वापरणार आहे का? आणि बोर्ड बंद पडला तर घर अडेल का? पहिल्याचं उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचं 'नाही' असेल, ते काम आधी लावायचं. घर अडवणारी कामं बोर्ड महिनाभर नीट चालल्यावर. गोव्यात हा क्रम जास्तच महत्त्वाचा आहे, कारण जूनपासून लाईट कधी जाईल आणि किती वेळा जाईल याचा भरवसा नसतो.

एक सूचना आधीच देतो. इथे प्रोग्रामांची आणि कमांडांची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत आणि आकडे इंग्रजी अंकांत टाकायचे.

१. हातात कुठला बोर्ड आहे ते पाहा

मॉडेलचं नाव बोर्डवरच छापलेलं असतं. भिंग घ्या आणि वाचा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

पहिला झीरो डब्ल्यू (२०१७) असेल तर अपेक्षा कमी ठेवा. त्याचा प्रोसेसर जुन्या एआरएमव्ही६ जातीचा आहे, मेमरी ५१२ एमबी, आणि आजचे बरेच प्रोग्राम त्याच्यासाठी बनवलेच जात नाहीत. एखादा सेन्सर वाचायला तो ठीक आहे. झीरो २ डब्ल्यूची (२०२१) मेमरी तेवढीच, पण प्रोसेसर ६४ बिटांचा. हलकं एखादं काम तो छान करतो.

मॉडेल ३ बी (२०१६) आणि ३ बी प्लस (२०१८) हे ड्रॉवरमध्ये हमखास सापडणारे. दोन्हींत १ जीबी मेमरी. ३ बीचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचा आणि वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं, त्यामुळे राऊटरवर फक्त ५ गिगाहर्ट्झ चालू असेल तर त्याला नेटवर्क दिसतच नाही. या दोन्हींत लॅन आणि यूएसबी एकाच यूएसबी २ च्या वाटेवरून जातात. डिस्कवर लिहिणं आणि नेटवर्कवरून घेणं एकदम चाललं की वेग निम्मा होतो. फोटो साठवायला तेवढा पुरतो.

मॉडेल ४ (२०१९) मध्ये खरा गिगाबिट लॅन आणि दोन यूएसबी ३ पोर्ट आहेत. २ जीबीचा असला तरी या लेखातलं सगळं त्याच्यावर चालेल. मॉडेल ५ (२०२३) कुणी रिकामा ठेवला असेल तर त्याने आजच सुरुवात करावी.

ऑरेंज पाय, बनाना पाय असे इतर बोर्ड असतील तर त्यांच्यासाठी आर्मबियन ही ऑपरेटिंग सिस्टिम घ्या. बाकी पायऱ्या बहुतेक त्याच.

२. लागणारं सामान

- बोर्डच्या मापाचा अ‍ॅडॉप्टर : मॉडेल ३ ला ५.१ व्होल्ट २.५ अँपिअर, मॉडेल ४ ला ५.१ व्होल्ट ३ अँपिअर, मॉडेल ५ ला ५.१ व्होल्ट ५ अँपिअर
- नामांकित कंपनीचं ३२ जीबीचं मायक्रो एसडी कार्ड आणि कार्ड रीडर
- यूएसबी एसएसडी, २५० जीबी किंवा जास्त
- एक मीटर लॅन केबल
- अॅल्युमिनियमचा असा डबा, जो स्वतःच हीट सिंकचं, म्हणजे उष्णता बाहेर टाकायचं, काम करतो
- डीएस३२३१ घड्याळ मॉड्यूल, सेलसकट (मॉडेल ५ ला नको, त्याला फक्त सेल लावायची सोय आहे)
- राऊटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड

शेवटचा आयटम हाताशी नसेल तर तो आधी मिळवा. केबलवाल्याने राऊटर बसवताना पासवर्ड स्वतःच टाकलेला असतो आणि घरात कुणाला माहीत नसतो. त्याला फोन करून आजच विचारा, सहाव्या पायरीवर अडकल्यावर नको.

३. वीज : निम्म्या तक्रारींचं मूळ इथे आहे

'बोर्ड मध्येच हँग होतो', 'डिस्क गायब होते', 'कार्ड खराब झालं' या तीन तक्रारींमागे बऱ्याचदा एकच कारण असतं : मोबाईलचा चार्जर आणि त्याची बारीक केबल. चार्जरवर २ अँपिअर लिहिलेलं असतं, पण केबलमध्येच व्होल्टेज पडतं आणि बोर्डपर्यंत ४.६ पोहोचतं. ४.६३ व्होल्टच्या खाली बोर्ड इशारा देतो आणि स्वतःचा वेग कमी करतो.

हे तपासणं सोपं आहे. सहाव्या पायरीतली सिस्टिम बसली की टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड' ही कमांड द्या. उत्तरात 'एक्स'च्या पुढे नुसतं ० आलं तर वीज चोख आहे. ५०००० आलं तर चालू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं होतं. ५०००५ म्हणजे ते आत्ता, या क्षणी पडलेलं आहे. डिस्क लावून, एखादी मोठी फाइल कॉपी करत असतानाच ही तपासणी करा. बोर्ड रिकामा असताना सगळंच चांगलं दिसतं.

खर्चाची काळजी नको. बोर्ड आणि एसएसडी मिळून ६ वॅट धरले तर महिन्याला साधारण साडेचार युनिट होतात.

आता लाईट जाण्याचं. घरात इन्व्हर्टर असेल तर बोर्ड, राऊटर आणि फायबरचा डबा हे तिन्ही त्याच लाइनवर घ्या. एकटा बोर्ड चालू राहून उपयोग नाही. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असा एक बारीक स्विच असतो, तो 'यूपीएस'वर हवा. 'नॉर्मल'वर इन्व्हर्टर पलटी घ्यायला जास्त वेळ लावतो. तेवढ्यात पंखा थांबत नाही, पण बोर्ड रीस्टार्ट होतो. इन्व्हर्टर नसेल आणि पॉवर बँकेवर भागवायचा विचार असेल तर आधी चाचणी घ्या. पुष्कळ पॉवर बँका चार्जिंग सुटताना क्षणभर आउटपुट तोडतात, म्हणजे ज्या क्षणासाठी ती लावली त्याच क्षणी ती दगा देते.

वीज पडण्याचा धोका वेगळाच. मे-जूनच्या तोंडाला आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की खांबावरून तांब्याच्या लॅन केबलने येणारं नेट सगळ्यात धोक्याचं, कारण झटका त्या केबलवरूनच राऊटरमध्ये आणि तिथून बोर्डमध्ये शिरतो. फायबर काचेचा असल्यामुळे त्यातून हा झटका येत नाही. तुमच्याकडे तांब्याची केबल असेल तर बोर्ड वायफायने जोडा आणि ढग गरजायला लागले की केबल राऊटरमधून उपसून ठेवा.

४. कार्ड आणि डिस्क

एसडी कार्डवर ऑपरेटिंग सिस्टिम ठेवा, घरचा डेटा कधीच नको. कार्ड झिजतं ते सतत बारीक-बारीक लिहिण्याने, आणि लिहिता-लिहिता लाईट गेली तर फाइल सिस्टिम फाटते. डेटा एसएसडीवर. शक्य असेल तर बूटही एसएसडीवरूनच करा : ३ बी प्लस आणि मॉडेल ४ ला ते जमतं, ३ बीला एकदा खास सेटिंग करावं लागतं.

एसएसडी ईएक्सटी४ मध्ये (लिनक्सची डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत) फॉरमॅट करा. विंडोजची एनटीएफएस तशीच ठेवायचा मोह होतो, पण परवानग्यांचा घोळ तिथूनच सुरू होतो. ईएक्सटी४ मध्ये फाइलचं नाव २५५ बाइटपर्यंतच चालतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं आणि काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या मोजल्या जातात, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. 'काकांच्या एकसष्टीचा कार्यक्रम सकाळची पूजा आणि दुपारचं जेवण' असं लांबलचक नाव वाढवत नेलं की कॉपी मध्येच अडते आणि जो एरर येतो त्यावरून कारण कळत नाही. नावं आखूड ठेवा, वर्ष सुरुवातीला लिहा.

डिस्क आपोआप जोडली जाण्यासाठी 'एफएसटॅब' फाइलमध्ये ओळ लिहावी लागते. तिथे तीन गोष्टी सांभाळा.

डिस्कची ओळख 'एसडीए१' अशी न देता तिच्या यूयूआयडीने, म्हणजे न बदलणाऱ्या ओळख-क्रमांकाने, द्या. दुसरा पेन ड्राइव्ह लावला की एसडीए१ चं एसडीबी१ होऊ शकतं.

पर्यायांमध्ये 'नोफेल' लिहाच. ते नसेल आणि लाईट आल्यावर डिस्क वेळेत जागी झाली नाही, तर बोर्ड इमर्जन्सी मोडमध्ये थांबून राहतो. स्क्रीन नसलेल्या बोर्डवर हे कळायलाच अर्धा दिवस जातो.

'नोफेल'ने मात्र एक नवा खड्डा तयार होतो. डिस्क जोडली गेली नाही तरी तिचं रिकामं फोल्डर एसडी कार्डवर असतंच. प्रोग्रामला फरक कळत नाही, तो त्या फोल्डरमध्ये लिहीत सुटतो आणि रात्रीत कार्ड तुडुंब भरतं. उपाय एका ओळीचा आहे : डिस्क काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरवर 'सीएचएटीटीआर' कमांड 'प्लस आय' पर्यायासह चालवा. मग डिस्क नसताना त्यात काही लिहिताच येत नाही, आणि डिस्क जोडली की सगळं नेहमीसारखं चालतं.

स्वस्त यूएसबी-साटा केबलवर डिस्क मधूनमधून गायब होत असेल आणि वीज वर सांगितल्याप्रमाणे चोख असेल, तर दोष बहुधा केबलमधल्या चिपचा आणि यूएएस या यूएसबीवरून डिस्कशी बोलण्याच्या पद्धतीचा. केबल बदलणं सगळ्यात सोपं.

५. जागा

पावसाळ्यात हवेतला दमटपणा आठवडेच्या आठवडे ऐंशी-नव्वद टक्क्यांवर असतो. चालू बोर्ड थोडा गरम असतो, त्यामुळे त्याच्यावर दव धरत नाही. गंजतात ते बंद ठेवलेले बोर्ड, म्हणजे जून ते सप्टेंबर तो चालू ठेवणंच चांगलं. मिरामार, कळंगुट, कोलव्यासारख्या किनाऱ्यालगतच्या घरांत खारी हवा पिनांवर हिरवा थर आणते. तिथे उघड्या पिनांवर प्लास्टिकची टोपी लावा आणि वर्षातून दोनदा कार्ड काढून त्याच्या सोनेरी पट्ट्या कोऱ्या कापडाने पुसा.

कौलारू घरात भिंतीच्या माथ्यावरची फळी टाळा, एक कौल सरकलं की पहिली धार तिथेच येते. मुंग्या आणि पाली हा खरा उपद्रव आहे. ऊब आणि अंधार मिळाला की मुंग्या डब्यातच घर करतात आणि पालीचं पिल्लू बारीक फटीतून आत शिरतं. फटी कमी असलेला अॅल्युमिनियमचा डबा त्यासाठीच वर सुचवला. पंख्याच्या जाळीचा डबा घ्यायचाच असेल तर मच्छरदाणीच्या कापडाचा तुकडा लावा आणि तो महिन्यातून एकदा झटका.

६. सिस्टिम आणि कायमचा पत्ता

लॅपटॉपवर रास्पबेरी पाय इमेजर उतरवून घ्या. 'रास्पबेरी पाय ओएस लाइट, ६४ बिट' निवडा (पहिल्या झीरो डब्ल्यूला ३२ बिट). डेस्कटॉपवाली आवृत्ती नको, ती १ जीबीतली बरीच मेमरी स्वतःच खाते. लिहायच्या आधी सेटिंगमध्ये बोर्डचं नाव, युजर, पासवर्ड, वायफाय, देश भारत, वेळ कोलकाता आणि एसएसएच (लॅपटॉपवरून बोर्डला कमांड देण्याची सोय) चालू, हे सगळं भरा. जुन्या लेखांत 'युजर पाय, पासवर्ड रास्पबेरी' असं लिहिलेलं सापडेल. एप्रिल २०२२ पासून तो तयार युजर काढून टाकला आहे, म्हणून त्याने लॉगिन होत नाही. देश भरायचा राहिला तर वायफाय बंदच राहतं.

बोर्ड चालू झाल्यावर राऊटरच्या पानावर जाऊन डीएचसीपीत (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बोर्डचा पत्ता राखून ठेवा, समजा १९२.१६८.१.१०. पत्ता बोर्डवर ठोकण्यापेक्षा राऊटरमध्ये राखलेला बरा : राऊटर बदलला तर एकाच जागी दुरुस्ती होते.

घड्याळाकडे दुर्लक्ष करू नका. मॉडेल ४ पर्यंतच्या बोर्डांना बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. लाईट जाऊन आली आणि नेट उशिरा आलं, तर मधल्या काळात बोर्ड जुन्याच वेळेत वावरतो. फोटोंच्या नोंदी चुकतात, सुरक्षित वेबसाइटांची प्रमाणपत्रं नाकारली जातात. डीएस३२३१ मॉड्यूल पिनांवर बसवून 'कॉन्फिग' फाइलमध्ये त्याचा ओव्हरले, म्हणजे ते मॉड्यूल वापरायला सांगणारी ओळ, लिहिला की हा प्रश्न मिटतो.

७. पहिलं काम : फोनमधल्या फोटोंची घरची प्रत

बहुतेक जण जाहिराती अडवण्यापासून सुरुवात करतात. माझं मत वेगळं आहे. ते काम बंद पडलं की घराचं नेटच बंद पडल्यासारखं होतं आणि सगळे तुमच्या नावाने ओरडतात. फोटोंच्या प्रतीचं तसं नाही. बोर्ड दोन दिवस बंद राहिला तरी फोन थांबतो आणि तिसऱ्या दिवशी राहिलेलं पाठवतो. आणि हरवलेला फोटो परत मिळाला की हा बोर्ड कशासाठी आहे ते घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

यासाठी सिंकथिंग हा फोन आणि बोर्डवरची फोल्डरं जुळवणारा प्रोग्राम वापरा. मेमरी कमी खातं, मधे कुणाचा सर्व्हर लागत नाही.

बोर्डवर बसवा, ते सिस्टिमबरोबर आपोआप सुरू होईल असं ठेवा. त्याचं पान ८३८४ पोर्टवर उघडतं. सुरुवातीला ते फक्त बोर्डवरूनच दिसतं. घरातल्या लॅपटॉपवरून पाहायचं तर पत्ता बदला, आणि त्याच क्षणी पासवर्डही लावा.

अँड्रॉइडचं मूळ अ‍ॅप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं. आता 'सिंकथिंग-फोर्क' घ्या. फोनच्या सेटिंगमध्ये त्याला बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून वगळा, नाहीतर दोन दिवसांत फोन त्याला झोपवतो. 'फक्त वायफायवर' हा पर्याय चालू ठेवा. आयफोनवर मागे राहून सतत चालायला मुभा नसते. तिथे फोटोसिंकसारख्या अ‍ॅपने साम्बाच्या, म्हणजे बोर्डवरून घरच्या नेटवर्कवर उघडलेल्या, फोल्डरमध्ये पाठवणं सोयीचं.

कॅमेऱ्याचं 'डीसीआयएम' फोल्डर आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोंचं फोल्डर ही दोन वेगवेगळी जोडा. चवथीच्या माटोळीचे, आरतीचे निम्मे फोटो नातेवाइकांच्या फोनमधून व्हॉट्सअ‍ॅपवरच येतात.

फोनवर फोल्डरचा प्रकार 'फक्त पाठवा', बोर्डवर 'फक्त स्वीकारा'.

आता सगळ्यात मोठा सापळा. सिंकथिंग दोन्हीकडे एकसारखं ठेवतं. फोन भरला म्हणून आईने जुने फोटो पुसले की ते बोर्डवरूनही पुसले जातात. 'फक्त स्वीकारा' लावलं म्हणून हे थांबत नाही. बोर्डवर त्या फोल्डरच्या सेटिंगमध्ये फाइल व्हर्जनिंग चालू करा आणि प्रकार 'ट्रॅश कॅन', दिवस ० ठेवा, म्हणजे पुसलेली फाइल कधीच कायमची जात नाही, आतल्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये राहते. हे बसवल्यावर एक नको असलेला फोटो फोनवरून मुद्दाम पुसा आणि बोर्डवर तो त्या फोल्डरमध्ये सापडतो का ते डोळ्यांनी पाहा. सापडला तरच पुढे जा.

पहिली प्रत रात्री लावा. वायफायवर सेकंदाला ४ एमबी धरले तर ४० जीबीला पावणेतीन तास लागतात.

ही एकच प्रत पुरेशी नाही. बोर्ड आणि फोन एकाच घरात, एकाच विजेवर. महिन्यातून एकदा आरसिंक या कॉपी करणाऱ्या कमांडने दुसऱ्या हार्ड डिस्कवर कॉपी घ्या, 'डिलीट' पर्याय न लावता, आणि ती डिस्क दुसऱ्या घरी ठेवा. तुम्ही म्हापशाला असाल आणि भाऊ फोंड्याला, तर दर महिन्याच्या फेरीत डिस्क नेणं-आणणं होऊन जातं.

८. मग निरुपद्रवी कामं

ही एकेक आठवड्याच्या अंतराने लावा. आठवड्याअखेर 'फ्री' कमांडने मेमरी पाहा. १ जीबीच्या बोर्डवर उपलब्ध मेमरी १५० एमबीच्या खाली गेली की थांबा.

*गाणी आणि रेकॉर्डिंग.* घरोघरी जत्रेतल्या नाटकांच्या, भजनांच्या, घुमट आरत्यांच्या कॅसेटवरून उतरवलेल्या फाइली पडून आहेत. नॅव्हिड्रोम हा हलका प्रोग्राम त्या फोनवर आणि टीव्हीवर ऐकवतो, मॉडेल ३ वरही सहज. जुन्या एमपी३ फाइलींत मात्र नावं अनेकदा प्रश्नचिन्हं होऊन दिसतात, कारण टॅग जुन्या पद्धतीने लिहिलेले असतात. लॅपटॉपवर किड३ मध्ये फाइली उघडा, नावं देवनागरीत नव्याने भरा आणि युनिकोडमध्ये जतन करा. 'अल्बम'च्या जागी नाटकाचं नाव, 'कलाकार'च्या जागी गावचं मंडळ लिहिलं की शोधणं सोपं होतं.

*नेटशिवाय विकिपीडिया.* किविक्स सर्व्हरला मराठी विकिपीडियाची झिम फाइल द्या. पावसात फायबर तुटून दोन दिवस नेट नसलं तरी घरच्या वायफायवर मुलांना ते वाचता येतं. मराठीची फाइल इंग्रजीच्या तुलनेत खूपच लहान आहे. इंग्रजी चित्रांसकट घेतलीत तर शंभर जीबीच्या वर जाते, तेव्हा आधी मराठी. फाइल एफएटी३२ पेन ड्राइव्हवरून नेत असाल तर ४ जीबीची मर्यादा लक्षात ठेवा.

*जुना प्रिंटर वायफायवर.* कप्स या प्रिंटर वाटून देणाऱ्या प्रोग्रामने यूएसबी प्रिंटर साऱ्या घराला दिसतो. सामान घेण्याआधी ड्रायव्हर पाहा. एचपीच्या लेझरजेट १०२० ला मुक्त ड्रायव्हर आहे, पण प्रिंटर चालू केला की दरवेळी त्याच्यात फर्मवेअर पाठवावं लागतं. कॅनॉनच्या एलबीपी २९०० चा अधिकृत लिनक्स ड्रायव्हर इंटेल प्रोसेसरसाठी आहे, या बोर्डांवर तो चालत नाही. लोक संध्याकाळ घालवतात ती इथेच.

*टाकीतलं पाणी.* विहिरीवरून पंप आणि गच्चीवर टाकी असेल तर पातळी मोजणं उपयोगी. जेएसएन-एसआर०४टी हा पाणी लागलं तरी चालणारा सेन्सर घ्या. २५ सेंटीमीटरच्या आतलं त्याला मोजता येत नाही, म्हणून भरलेल्या पाण्यापासून तेवढा वर बसवा. त्याचा 'एको' सिग्नल ५ व्होल्टचा असतो आणि बोर्डची पिन ३.३ व्होल्टची. मधे १ किलोओहम आणि २ किलोओहमची विभागणी लावा, नाहीतर पिन जळते. पंप चालू-बंद करणं मात्र या बोर्डवर आणि स्वस्त रिलेवर सोडू नका. ते काम इलेक्ट्रिशियनकडून काँटॅक्टर (जास्त विजेचा भार पेलणारा स्विच) बसवून करायचं.

९. महिन्याभराने : जाहिराती अडवणं

'अपटाइम' कमांड सांगते बोर्ड किती दिवस सलग चालू आहे. तीस दिवस झाले की पाय-होल किंवा अॅडगार्ड होम बसवा. दोन्हीतलं एकच.

हे काम म्हणजे घरातल्या सगळ्या उपकरणांना 'नावावरून पत्ता' विचारायला बोर्डकडे पाठवणं. राऊटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून बोर्डचा पत्ता लिहायचा. काही कंपन्यांच्या राऊटरांवर ही जागा कुलूपबंद असते. तिथे राऊटरचं डीएचसीपी बंद करून पाय-होलचं चालू करावं लागतं, म्हणजे बोर्ड बंद पडला की नव्या फोनला पत्ताही मिळणार नाही. असा राऊटर असेल आणि इन्व्हर्टर नसेल, तर हे काम सोडून द्या. मनापासून सांगतो.

'दुसरा डीएनएस' या जागी बाहेरचा पत्ता घालू नका. उपकरणं तो राखीव म्हणून ठेवत नाहीत, मर्जीप्रमाणे दोन्हींना विचारतात, आणि जाहिराती अर्ध्या वेळा दिसत राहतात. राऊटर आयपीव्ही६ वरून स्वतःचा डीएनएस वाटत असेल तरी तेच होतं. फोनमधला 'प्रायव्हेट डीएनएस'ही बोर्डला वळसा घालतो. यूट्यूबच्या जाहिराती याने थांबत नाहीत, कारण त्या व्हिडिओच्याच ठिकाणाहून येतात. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

डीएनएसएसईसी (आलेला पत्ता अस्सल आहे का ते तपासणं) चालू केलंत तर घड्याळाचा प्रश्न पुन्हा समोर येतो : वेळ चुकीची म्हणून नावं उलगडत नाहीत, आणि नावं उलगडत नाहीत म्हणून वेळ दुरुस्त होत नाही. घड्याळ मॉड्यूल नसेल तर ते बंद ठेवा.

१०. घराबाहेरून पोहोचायचं असेल तर

दुबईतल्या मुलाला घरचे फोटो पाहायचे असतात, हे खरं. राऊटरच्या पानावर तुमचा बाहेरचा पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुमच्या कंपनीने एक पत्ता अनेक घरांत वाटलेला आहे आणि पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणारी जोडणी राऊटरमधून बोर्डकडे वळवणं) कितीही केलं तरी चालणार नाही. नसेल तरीही पोर्ट उघडू नका. एसएसएचचा पोर्ट उघडा ठेवला की तासाभरात अनोळखी लोक पासवर्ड चाचपायला लागतात. टेलस्केल हा दोन उपकरणांत खासगी जोडणी करणारा प्रोग्राम बोर्डवर आणि मुलाच्या फोनवर बसवा, घरगुती वापराला ते फुकट आहे आणि दोन्ही प्रकारच्या जोडणीवर चालतं.

११. हे काम देऊ नका

व्हिडिओ एका प्रकारातून दुसऱ्यात बदलणं (मॉडेल ५ मध्ये तर एच२६४ चा हार्डवेअर एन्कोडरच नाही). एसडी कार्डवर सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग. स्वतःचा ईमेल सर्व्हर. ४ जीबीपेक्षा कमी मेमरीवर इमिच हा फोटो-अल्बमचा प्रोग्राम. आणि कुठल्याही गोष्टीची एकुलती एक प्रत.

१२. आता लाईट घालवून पाहा

हे मे महिन्यात करा, पावसात नको. आधी बोर्ड नीट बंद करा, कार्ड लॅपटॉपमध्ये घालून त्याची पूर्ण इमेज काढून ठेवा. मग बोर्ड चालू करून, सगळी कामं सुरू असताना, इन्व्हर्टरसकट मेन बंद करा. पाच मिनिटांनी चालू करा आणि कशालाही हात न लावता थांबा. दहा मिनिटांत डिस्क जोडलेली हवी, तारीख-वेळ बरोबर हवी, सिंकथिंगचं पान उघडायला हवं, फोनवर नेट चालायला हवं. जे आलं नाही ते दुरुस्त करून पुन्हा मेन बंद करा. लागोपाठ तीनदा सगळं आपोआप परत आलं की झालं.

शेवटी एका कागदावर ठळक अक्षरात लिहा : बोर्ड कुठे आहे, त्याचा पत्ता काय, पासवर्ड कुठल्या वहीत आहे, आणि नेट अडलं तर राऊटरमधला डीएनएस 'आपोआप'वर कसा न्यायचा. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून राऊटरशेजारी चिकटवा, आणि तुमच्याव्यतिरिक्त घरातल्या एका माणसाकडून तो वाचून, त्याप्रमाणे एकदा करून घ्या.